मदत हवी आहे: परसातल्या नव्या घरांबद्दल शेजाऱ्यांचं मत कसं घ्यावं? (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. आमची गल्ली एकमजली बंगल्यांची, प्रत्येकाला मागे ऐसपैस परस. १ जानेवारी २०२२ पासून एसबी ९ (सिनेट बिल ९) या राज्याच्या कायद्याने अशा प्लॉटचे दोन तुकडे पाडून प्रत्येकावर दोन घरं बांधता येतात. तुकडा १,२०० चौरस फुटांहून लहान नको, अशा काही अटी आहेत. नियमात बसलं की मंजुरी मिळते. सुनावणी नाही, शेजाऱ्यांच्या हरकती नाहीत. मला हे पटतं. पूर्वी सुनावणीला यायचे ते निवृत्त घरमालक, आणि 'पार्किंगचं काय?' करत प्रस्तावाचं भिजत घोंगडं ठेवायचे.

पण आता शेजाऱ्याला कळतं ते थेट खोदाई सुरू झाल्यावर. मागच्या गल्लीत कुंपणापासून ४ फुटांवर दुमजली भिंत उभी राहिली (बाजूला आणि मागे याहून जास्त जागा सोडा म्हणायचा शहराला अधिकार नाही) आणि जिन्याची खिडकी नेमकी पलीकडच्या न्हाणीघरासमोर आली. काच धुरकट लावली असती तरी भागलं असतं. सांगणार कोण आणि कुणाला?

शहर आता अशा घरांच्या डिझाइनचे निकष नव्याने लिहितंय आणि लोकांची मतं गोळा करायचं काम आमच्या गल्लीच्या समितीने अंगावर घेतलंय. ८०० चौरस फुटांची दोन घरं बसणारच नाहीत असा निकष चालत नाही. शिवाय २०२५ पासून निकष त्या झोनमधल्या (जमीनवापराच्या विभागातल्या) सगळ्याच बांधकामांना सारखा लावावा लागतो, म्हणजे आपल्याच बंगल्याच्या वाढीव खोलीलाही. हे ऐकून समितीतल्या कडक निकष हवे असणाऱ्या दोघांचा उत्साह मावळला, ते एक बरंच झालं.

एका परसात चुन्याने ४ फुटांची रेघ आखायची, दुमजली उंचीचे बांबू रोवून वर झेंड्यांची दोरी बांधायची आणि शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलवायचं, असं ठरतंय. (चहा-पोहे आमच्याकडून.)

विचारायचंय ते असं. प्रत्यक्ष उंची बघून लोक शांत होतात की जास्तच बिथरतात? 'नकोच' म्हणणाऱ्याकडून खिडकी, काच, कचऱ्याचे डबे यांबद्दल नेमकं काही कसं काढून घ्यायचं? आणि भाडेकरू? समितीत सगळे मालक, गल्लीत स्पॅनिश आणि व्हिएतनामी बोलणारी भाड्याची बरीच घरं. त्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. दारोदार जावं, की आधी त्यांच्यातल्याच कुणाला समितीत घ्यावं?

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडकरांनी, मेलबर्नकरांनी आणि आर्किटेक्ट मंडळींनी जरूर लिहा. निकषांचा मसुदा हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.