ओठ उलतात, तेव्हा तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

द्राक्षबाग

निफाडला डिसेंबर लागला की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. त्या धुरात आणि गार वाऱ्यात माझे तास-दोन तास जातात. घरी येईस्तोवर खालच्या ओठाची मधली भेग पुन्हा उललेली असते. मग हसायची सोय नाही आणि मिसळीचं तर नावच नको. परवा एका बारशात कोणीतरी विनोद केला, मी ओठावर बोट दाबून हसले, तर समोरच्या काकूंना वाटलं मी लाजतेय.

खोबरेल, तूप, साय, दुकानातल्या तीन डब्या, सगळं करून झालं. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तुम्ही काय करता? स्वतः करून पाहिलेलंच लिहा. 'सात दिवसांत गुलाबी ओठ'वाले मेसेज माझ्या जावेने मला आधीच पाठवलेत.

पापडखार

काय करू नये ते मी सांगते. चुलतबहिणीच्या साखरपुड्याआधी ओठ 'उजळवायचे' म्हणून अर्धं लिंबू साखरेत बुडवून ओठांवर घासलं. वर जुन्या टूथब्रशने आणखी घासलं. झोंबत होतं, पण झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं आपलं एक शास्त्र असतंच. नीट धुतलंही नाही आणि तशीच गच्चीवर पापड वाळत घालायला गेले. एप्रिल महिना, दुपारचे बारा.

दुसऱ्या दिवशी ओठांच्या वर लालबुंद पट्टा, तिसऱ्या दिवशी बारीक फोड, आणि नंतर तिथेच तपकिरी डाग. थेट मिशीच! लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की असं भाजतं, हे त्वचेच्या डॉक्टरांकडून कळलं. डाग जायला दिवाळी उजाडली. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी हनुवटीवर हात ठेवून विचारवंत दिसते.

रातांबा

आमच्या कुडाळकडे ओठांना आणि टाचांना एकच औषध, भिरंडेल. म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. मे महिन्यात रातांबे फोडून सालांची आमसुलं करायला घेतली की बियांचा ढीग पडतो. आजी त्या धुऊन, अंगणात खडखडीत वाळवून, टरफलं काढून कुटायची. मग ती भरड मोठ्या टोपात पाण्यात उकळत ठेवायची. तेल वर तरंगलं की पळीने काढून घ्यायचं. गार होताना ते थिजतं, आणि अर्धवट थिजलेलं असतानाच ओल्या हाताने अंड्याएवढे गोळे वळायचे. पांढरट पिवळे, जरा खरखरीत, वास जवळजवळ नाहीच.

गोळा तसाच ओठावर फिरवला तर काही होत नाही, मेणबत्ती घासल्यासारखं वाटतं. नखाने थोडं खरवडून तळहातावर चोळायचं, अंगाच्या उबेने वितळतं, मग लावायचं. रात्री लावलं की सकाळी पापुद्रे आपोआप मऊ पडलेले असतात. खोबरेल दहा मिनिटांत गायब होतं, हे टिकतं, एवढाच फरक. आणि आजीचं एक वाक्य त्यासोबत फुकट मिळायचं, "व्हट चाटू नको रे मेल्या!"

गच्चीवरचा

भिरंडेल पुण्यात कुठे मिळेल? आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "कोकम सरबत आहे, चालेल का?"

रातांबा

कोकणी मेव्याच्या दुकानात विचारा, आमसुलांच्या बरण्यांमागे कुठेतरी असतं. घेताना वास घ्या, खवट लागला तर नको.

पांढरा_कोट

मी त्वचारोग विभागात परिचारिका आहे. रातांब्याच्या आजी ओठ चाटू नको म्हणायच्या, ते खरंच आहे. ओठांना घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्याही जवळपास नाहीत, आणि वरचा थर गालाच्या कातडीपेक्षा कितीतरी पातळ. चाटलं की क्षणभर ओलं वाटतं, पण थुंकी उडून जाताना ओठाचं आतलं पाणीही घेऊन जाते. शिवाय थुंकीत अन्न पचवणारे घटक असतात, ते नाजूक कातडीला चुरचुरतात. मग आणखी चाटावंसं वाटतं. काही मुलांच्या तोंडाभोवती लाल गोल कडं दिसतं ना, ते बहुतेक वेळा याचंच.

तूप, साय, भिरंडेल, पेट्रोलियम जेली, काहीही लावा, काम एकच आहे, आतलं पाणी उडू द्यायचं नाही. म्हणून तोंड धुतल्यावर ओठ किंचित ओले असतानाच लावा. गारगार वाटणाऱ्या, पुदिना-कापूरवाल्या डब्या मात्र फुटलेल्या ओठांना झोंबतात. दालचिनीची टूथपेस्ट काहींना सोसत नाही, फार फेसाळणारीही नाही. ओठ कायमच सोलवटत असतील तर महिनाभर पेस्ट बदलून बघा.

द्राक्षबाग ताई, बागेत तुम्ही उन्हातही असत असाल. खालच्या ओठावर ऊन सरळ पडतं, त्याला एसपीएफ ३० चं, म्हणजे ऊन अडवणारं, बाम लावा आणि डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा पदर घ्या. हे काम तुपाने होत नाही. एकाच जागची भेग किंवा खपली तीन आठवडे भरली नाही तर दाखवून घ्या.

आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठांना मध लावू नका. आज्या ऐकत नाहीत, पण सांगत राहा.

पायरीचा_आंबा

माझा अनुभव फक्त मे महिन्यातला. देठाला दात लावून आंबा चोखायची खोड. दर वर्षी चीक उततो, ओठ सुजतात, कोपऱ्याला फोड येतात, मी आठवडाभर बदकासारखा फिरतो. आता आंबे तासभर पाण्यात ठेवतो, देठाकडचा भाग कापून चीक पिळून टाकतो आणि फोडी चमच्याने खातो. बायको म्हणते, आंबा चमच्याने खाणारा माणूस तिने पाहूनच लग्न केलं नसतं.

निवृत्त_मास्तर

वय ७१. तोंडाचे दोन्ही कोपरे चिरत होते. जांभई दिली की कळ. तीन महिने लोणी लावलं, कोपरे काही मिटेनात. सौ. म्हणाली, "तुम्ही बोलता जास्त." शेवटी दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं. कवळी झिजून बुटकी झालेली, त्यामुळे तोंड जास्त मिटायचं, कोपऱ्यात घडी पडून थुंकी साचायची आणि तिथे बुरशी धरली होती. त्या ओलसर जागेत मी रोज लोणी भरत होतो! बुरशीचं मलम, नवी कवळी, आणि रक्त तपासल्यावर बी-१२ कमी निघालं त्याच्या गोळ्या. पंधरा दिवसांत चिरा गेल्या. बोलणं पूर्ववत चालू आहे.

बीटरूट

धागा मऊ ओठांचा आहे, पण 'गुलाबी'बद्दल मला लिहायचंच आहे.

माझे ओठ जन्मापासून गडद. दहावीनंतर आईने बीटाचा रस आणि तूप एकत्र घोटून डबीत भरून ठेवलं. रोज रात्री बोटाने लावून द्यायची, मी वाचत बसलेली असताना, न बोलता. उशीचे तीन अभ्रे गुलाबी झाले. ओठही व्हायचे, सकाळी चूळ भरेपर्यंत. पुढे बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा एका घरून निरोप आला, "मुलगी सिगारेट ओढते का, एवढं विचारून घ्या." मी तेव्हा बँकेत नोकरीला होते, आणि घरात उदबत्तीच्या धुरानेही मला खोकला यायचा.

त्या संध्याकाळी आईने जुने फोटो काढले. आजी, पणजी, दोन्ही मावश्या, सगळ्यांचे ओठ जांभळाच्या रंगाचे. आई बराच वेळ पणजीच्या फोटोकडे बघत होती. मग उठून तिने ती डबी धुतली आणि तिच्यात मोहरी भरली. अजून स्वयंपाकघरात आहे, झाकण आतून गुलाबीच आहे.

तूप मी आजही लावते, नुसतं.

धूरकट

मी ओढायचो, अठरा वर्षं. सोडून दोन वर्षं झाली. ओठांचा काळेपणा कडेने जरा निवळलाय. बाकी चहा तेवढाच चालू आहे.

बर्फातली_भाकरी

टोरांटोहून लिहितेय. इथे थंडीपेक्षा घरातली हीटरची कोरडी हवा ओठांचा जीव घेते. पहिल्या हिवाळ्यात सोललेले पापुद्रे दाताने ओढायची सवय लागली, रोज रक्त. नवरा रात्री घोरतो म्हणून मी चिडायचे, मग कळलं, मीही तोंड उघडं ठेवूनच झोपते. खोलीत हवेला ओलावा देणारं यंत्र लावलं, झोपताना पेट्रोलियम जेलीचा जाड थर, आणि पापुद्रा निघालाच तर छोट्या कात्रीने कापते, ओढत नाही. आईने फोनवर बेंबीत तूप घालायला सांगितलं. घातलं. बेंबी मऊ झाली.

मुरूमवीर

मुरमांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू होत्या. ओठ भाजक्या पापडासारखे झाले. हे होणारच, असं आधीच सांगितलं होतं, तरी मी घाबरून गोळ्याच बंद करणार होतो. दर तासाला बाम लावत कोर्स संपवला. वर्गात सगळे मला 'लिप्स्टिक' म्हणत.

द्राक्षबाग

सगळ्यांना धन्यवाद. महिनाभराने लिहितेय. बागेत जाताना तोंडाला ओढणी बांधते, एसपीएफवालं बाम लावते. मुख्य म्हणजे चाटणं. मी किती चाटते हे मला माहीतच नव्हतं, मुलाला मोजायला बसवलं, तर एका मालिकेत त्याने एकवीसदा पकडलं. आता तो नुसता "आई" म्हणतो आणि जीभ आत जाते. भेग मिटली आहे. मिसळ खाल्ली.

कुडाळच्या वहिनीने भिरंडेलाचे दोन गोळे पाठवले होते. एक माझ्या उशाशी आहे. दुसऱ्याला मुलाने पांढरं चॉकलेट समजून चावा घेतला, त्यामुळे त्याचेही ओठ सध्या छान आहेत.