४० हजारांच्या पीसीत नव्या सॉकेटचा हट्ट कशाला?

सिन्नरकर
माझं मत आधीच सांगतो, मग काय हाणायचं ते हाणा. मॉनिटर-कीबोर्ड सोडून ज्याच्या हातात ४० हजार आहेत आणि ज्याला टॅली, पोरांचा अभ्यास, थोडं कोडिंग आणि रात्री व्हॅलोरंट हा गेम एवढंच करायचंय, त्याने एएम५ ह्या एएमडीच्या नव्या सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) नादी लागू नये. आधीच्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्यावा आणि ग्राफिक्स कार्ड तूर्त विसरावं. सहा कोर, बारा थ्रेड, आतच व्हेगा ग्राफिक्स. प्रोसेसर २०२१ चा आहे, कबूल. टॅलीला त्याचं काय?

एएम५ ला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते सगळेच बघताय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायचा सपाटा लावला. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रूशिअल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशात छोट्या बजेटवाल्याने नवा सॉकेट धरला की कुठेतरी काटछाट होते, आणि ती ठरलेल्या जागीच होते: एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट आलेला, ४५० वॅटचा स्टिकर चिकटवलेला, हातात घेतला तर रिकामाच वाटणारा डबा आत बसतो. समोर काच आणि सात रंगांचे पंखे. वरून कीर्तन, आतून तमाशा.

वाचलेले पैसे नीट एसएमपीएसमध्ये, एनव्हीएमई एसएसडीत आणि रॅमच्या दोन स्टिकमध्ये घाला. दोनच, एक नको. दुकानदार 'पुढे वाढवता येईल' म्हणून १६ जीबीची एकच स्टिक गळ्यात मारतो. ३२०० वेगाच्या एका स्टिकला सेकंदाला २५.६ जीबीची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहायचा वेग, मिळते, ८-८ च्या दोन लावल्या की दुप्पट. व्हेगाला स्वतःची मेमरी नसते, ती ह्याच रॅमवर जगते. एका स्टिकवर गेम अडखळतो आणि लोक शिव्या प्रोसेसरला घालतात.

ओव्हरक्लॉक आजोबा
एसएमपीएसचं मान्य, बाकी साफ असहमत. तुम्ही त्या माणसाला गल्लीच्या टोकाला नेऊन सोडताय. एएम४ वर आता पुढे जायला उरलंय काय? ज्यांनी २०१७ मध्ये एएम४ चा एक्स३७० बोर्ड घेतला, त्यातल्या अनेकांना २०२२ मध्ये बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षांनी बोर्ड तोच, रॅम तीच, मशीन नवं. ही मजा सॉकेटच्या तरुणपणीच पैसे घालणाऱ्याला मिळते. एएम५ २०२२ चा आहे आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं एएमडीने जाहीरपणे सांगितलंय.

शिवाय ५६००जी ची मेख तुम्ही सांगितलीच नाही. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, आत ग्राफिक्स नसलेल्या साध्या ५६०० मध्ये ३२. कार्ड जोडायच्या पीसीआयईच्या जुन्या ३.० पिढीवरच थांबलेला. म्हणजे हा माणूस वर्षभराने आरएक्स ६६०० सारखं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला की प्रोसेसरच आडवा येणार. मग तोही बदला. स्वस्तात घेतलं म्हणता, ते स्वस्त पडलं कुठे?

सिन्नरकर
आजोबा, 'वर्षभराने कार्ड घेईन' म्हणणारे शंभर दिसतात, घेणारे किती? ज्याला आजच कार्ड घ्यायचंय त्याला मी ५६००जी सांगतच नाही, त्याने साधा ५६०० घ्यावा. माझं म्हणणं कार्ड न घेणाऱ्यापुरतं आहे. आणि बोर्ड पाच वर्षं जपून त्यावर महागडा प्रोसेसर चढवणारा गडी ४० हजारांच्या बजेटमध्ये नसतो. तो तुमच्यासारखा असतो.

रेंडर होतंय
तुमची जुगलबंदी चालू द्या, पण ती सगळी गेमवाल्यांपुरती आहे. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, बजेट लाखाच्या आसपास, आणि आमच्या धंद्यात सल्ला उलटा पडतो. आजकालचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, घट्ट दाबलेला व्हिडिओ फॉरमॅट) मध्ये शूट करतात. ही फाइल टाइमलाइनवर टाकली की ५६००जी काय किंवा एएम५ वरचा ७६०० काय, दोघांच्याही आतल्या ग्राफिक्सला ती डिकोड करता (उलगडता) येत नाही. सगळा भार कोरवर. हळदीतल्या दोन क्लिप एकावर एक ठेवल्या की प्लेबॅक बैलगाडी होतो.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या चिपांतल्या क्विकसिंकला, म्हणजे आतल्या ग्राफिक्समधल्या व्हिडिओच्या भागाला, हा फॉरमॅट हार्डवेअरमध्येच डिकोड करता येतो. म्हणून एडिटिंगवाल्याने थोडे पैसे वाचवायला 'एफ' वाला प्रोसेसर घेऊ नये. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि त्याबरोबर क्विकसिंकही गेलं. दुकानदार सर्रास १२४००एफ पुढे करतो, कारण गेमवाले तोच मागतात. एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या कार्डांमध्ये ४:२:२ आलंय, पण त्याआधीच्या ४० सिरीजमध्ये नाही. महागडं ४०७० लावून टाइमलाइन अडकलेले लोक मी बघितलेत.

ओव्हरक्लॉक आजोबा
मुद्दा बिनतोड. पण तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिपा व्होल्टेजमुळे बिघडायचं लफडं झालं होतं, ते विसरू नका. इंटेलला ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आय७-आय९ घेणार असाल तर बोर्डाचा बायोस अपडेट करूनच विंडोज टाका. सेकंडहँड तर मुळीच घेऊ नका, आधीच्या मालकाने कोणत्या बायोसवर किती दामटलाय कोणाला माहीत.

तिखटजाळ
सेकंडहँडचा विषय निघालाच आहे तर सांगते. ४० हजार तरी कशाला? कंपन्यांतून निघालेले इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय५ चे डेस्कटॉप त्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतात. आठवी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर त्याआधीच्या पिढ्या भंगाराच्या भावाने आल्या, त्यांना हात लावू नका. एसएसडी नवी टाका, झालं. टॅलीवाल्याला ५६००जी ही सुद्धा चैनच आहे.

सिन्नरकर
ताई, टॅलीपुरतं पटलं. व्हॅलोरंटवाल्याने ते उघडून बघावं. त्यातल्या पुष्कळ मशीनना एसएमपीएसचा कनेक्टर कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला बसत नाही. कॅबिनेट चिंचोळं, कार्ड लावायचं तर अर्ध्या उंचीचंच, आणि तेही बिचकत. जे आहे तसं वापरायचं असेल तर छानच, नाहीतर तोही एक बंद रस्ता.

तिखटजाळ
सगळेच रस्ते बंद म्हणत बसलात तर माणूस मोबाइलवरच टॅली करेल.

मुलुंड पूर्व
इतका वेळ एसएमपीएस एसएमपीएस चाललंय, यूपीएसचं कोणी बोललं नाही. जिथे दिवसाला दोनदा लाइट जाते तिथे हा खर्च बजेटच्या बाहेर कसा धरता? आणि एक गोम आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (मेन्समधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं. त्याचं आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वेव्हचं काही वेळा जमत नाही. लाइट गेली की यूपीएस टूं करतो आणि पीसी तरीही बंद. लोकल एसएमपीएस त्याच यूपीएसवर बिनबोभाट चालतो, म्हणून लोकांना वाटतं नवाच खराब निघाला. घेताना दुकानातच मेन्सची पिन काढून बघा, आणि तेही गेम चालू असताना, डेस्कटॉपवर नुसतं ठेवून नाही.

रेंडर होतंय
+१. एसएमपीएसवरच्या ब्रॉन्झ-गोल्डचंही तेच. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट झालं तर बोर्ड वाचेल का, ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी मॉडेलचं नाव घेऊन रिव्ह्यूच वाचावे लागतात.

ओव्हरक्लॉक आजोबा
चला, म्हणजे सिन्नरकरांच्या ४० हजारांत आता यूपीएसही बसवायचा. बसवा.

सिन्नरकर
बसवतो. काचेचं कॅबिनेट काढलं, पत्र्याचं घेतलं, एसएसडी १ टीबीची ५०० जीबी केली. तुमच्या एएम५ मधून काय काढता ते सांगा.

ओव्हरक्लॉक आजोबा
रॅमची एक स्टिक. ७६०० ला दुसरी नंतर लावली तरी टॅली चालतं, असं तुमच्याच पहिल्या परिच्छेदावरून दिसतंय.