पेशंट गाडीत असताना सिग्नल तोडला, ई-चलान आलं. भरायचं का?

सातारचा_पायलट: नमस्कार मंडळी. मी खासगी रुग्णवाहिका चालवतो. गेल्या महिन्यात हार्ट अटॅकचा पेशंट साताऱ्याहून पुण्याला नेला. ऑक्सिजन लावलेला, सायरन चालू. आता मालकाच्या मोबाईलवर दोन चलानं आलीत, एक वेगाचं आणि एक सिग्नलचं. मालक म्हणतो पगारातून कापणार. आपल्याला कायद्यात सूट आहे ना? आणि अशा वेळी कुणाला धक्का लागला तर?

बंबवाले_काका: पैसे भरू नकोस, आधी तक्रार टाक. मोटार वाहन (ड्रायव्हिंग) विनियम, 2017 मध्ये स्पष्ट लिहिलंय की तातडीच्या कामावर असलेली अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका किंवा पोलीस गाडी लाल सिग्नल ओलांडू शकते आणि वेगमर्यादाही ओलांडू शकते. पण पुरेशी काळजी घेऊन, ही अट त्यातच आहे.

ही काळजी म्हणजे काय ते सांगतो, माझी सगळी नोकरी बंबावर गेली. लाल सिग्नलला गाडी जवळजवळ थांबवायची. सायरनचा सूर बदलायचा, कारण एकच सूर लोकांच्या कानावरून जातो. मग एकेक लेन नजरेनं मोकळी झाली की पुढे सरकायचं. हिरव्यावर येणारा एसी लावून, काचा बंद करून येत असतो. त्याला तू ऐकूच येत नाहीस. आणि पुढे दुसरी रुग्णवाहिका असेल तर जास्त जपायचं. ती गेली की थांबलेले लोक लगेच गाड्या काढतात, मागून तू येतोयस हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. चौकात पाच सेकंद गेले तर जाऊ देत. तिथे गाडी ठोकली तर पेशंट पोचतच नाही.

ॲड_कोल्हापूर: काकांचं बरोबर आहे. सूट सिग्नलची आणि वेगाची आहे, निष्काळजीपणाची नाही. कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 ड्रायव्हरलाही लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आत पेशंट होता एवढ्यानं सुटका होत नाही. चलानासाठी कागद जमवा: रेफर चिठ्ठी, ट्रिपची नोंद, पुण्याच्या हॉस्पिटलमधली दाखल झाल्याची वेळ, आरसीची प्रत. चलानावरची वेळ त्या ट्रिपमध्ये बसते हे दाखवायचं. महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. लोकअदालतीत दंड कमी होईल म्हणून वाट पाहू नका. तिथे तडजोड होते, आणि तुमची तर चूकच नाही. मालकालाही हे कागद दाखवा, पगार कापायचा प्रश्न येतो कुठे?

सातारचा_पायलट: खूप आभार दोघांचे. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये आहे, आजच टाकतो. अजून एक. पेशंट सोडून रिकामे परतताना मालक सायरन लावून लवकर ये म्हणतो, पुढची ट्रिप असते.

बंबवाले_काका: अजिबात नाही. पुढचा कॉल खरंच तातडीचा असेल, तर कॉल आल्याची वेळ लिहून ठेव आणि मग लाव. नुसतं घरी परतताना किंवा मयत नेताना तू इतरांसारखाच, लाल म्हणजे थांबायचं. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 194-ई कलमाखाली दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रिकाम्या गाडीचा सायरन लोकांनी दोनदा पाहिला की तिसऱ्यांदा कोण बाजूला होणार? मालक ऐकत नसेल तर त्याचा हा निरोप व्हॉट्सॲपवर लेखी मागून घे.