प्रोग्रामर ते गुंतवणूकदार: पॉल ग्रॅहम यांच्या वाटेवरून काय उचलावं?

प्रश्न: ग्रॅहम यांनी १९९५ मध्ये वायावेब ही ऑनलाइन दुकानं बनवण्याच्या सॉफ्टवेअरची कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये ती याहूने घेतली, २००५ मध्ये नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारं वाय कॉम्बिनेटर उभं राहिलं. कोड लिहिणाऱ्याची नजर गुंतवणुकीत कुठे कामी येते आणि कुठे दगा देते?

उत्तर १: वायावेब म्हटलं की लोक लिस्पवरच, म्हणजे ती ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिली त्यावरच, अडकतात. खरी मेख वेगळी: सॉफ्टवेअर सर्व्हरवर, ग्राहकाकडे फक्त ब्राउझर. चूक सापडली की सगळ्यांसाठी एकदम दुरुस्त. कंपनी पारखताना हेच विचारा: तक्रार आल्यापासून दुरुस्ती पोहोचेपर्यंत किती दिवस जातात? कोड सुबक आहे का, हे नंतर. सुबक कोडवर भाळून, ग्राहकच नसलेल्या कंपनीत पैसे घालणं ही प्रोग्रामरची नेहमीची चूक.

उत्तर २: दगा हिश्श्याच्या हिशोबात होतो. वाय कॉम्बिनेटरने सेफ करार (पैसे आज, शेअर पुढच्या फेरीत) २०१३ मध्ये आणला, २०१८ मध्ये तो पोस्ट-मनी केला, म्हणजे हिस्सा सगळ्या सेफचे पैसे धरून मोजायचा. ५० लाख डॉलरच्या कॅपवर (हिस्सा मोजताना धरायची कंपनीची कमाल किंमत) २५,००० डॉलर म्हणजे ०.५ टक्के. गुंतवणुकीच्या पुढच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी २० टक्के हिस्सा नव्यांना गेला की उरतात ०.३२ टक्के. कंपनी ५ कोटी डॉलरना विकली तर १,६०,००० डॉलर, तेही कुणाचा लिक्विडेशन प्रेफरन्स (विक्रीतून आपले पैसे आधी घेण्याचा हक्क) आडवा आला नाही तर.

प्रश्नकर्ता: हिस्सा टिकवायचा कसा?

उत्तर २: प्रो-राटाचं, म्हणजे पुढच्या फेरीत पैसे घालून आपला हिस्सा राखण्याच्या हक्काचं, वेगळं पत्र सही करतानाच घ्या. पोस्ट-मनी सेफमध्ये तो हक्क आपोआप मिळत नाही. आणि त्यासाठी सुरुवातीइतकीच रक्कम बाजूला ठेवा. हक्क असून पैसे नसले तर उपयोग शून्य.