जुन्या मॅसीचा क्लच आणि सीट

जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचा क्लच घसरायला लागला की नुसती क्लच प्लेट टाकून भागतं असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मॅसी 35 ला डबल क्लच असेल तर पेडल अर्धं दाबल्यावर गाडी थांबते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा), म्हणजे आत प्लेटा दोन. क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टर मधोमध खोलायचाच आहे तर दोन्ही प्लेटा, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील एकदमच बदलून घ्या, सील गळलं तर नवी प्लेट तेलात भिजून परत घसरणार.

आणि एक कुणीच सांगत नाही, पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून खोलायच्या आधी एक्सल आणि वरच्या सपोर्टच्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, नाहीतर इंजिन एका अंगाला कलंडतं, जिवाशी खेळ आहे तो. आमचा मिस्त्री त्याशिवाय पान्याला हात लावत नाही. सीटचं म्हणाल तर रेक्झिनवर खर्च करण्याआधी खालचा पत्रा उलटा करून बघा, बोल्टच्या भोकांभोवती गंजून चिरलेला असेल तर तिथं जाड पट्टी वेल्ड करा, मगच फोम.