मोरोक्कोत ठिबक सिंचनाचे उत्पादन केंद्र उभारावे का?

प्रश्न

नमस्कार. आमची कंपनी ठिबक सिंचनाच्या इनलाइन नळ्या (आतच ड्रिपर बसवलेल्या) आणि ड्रिपर, म्हणजे थेंबाथेंबाने पाणी सोडणारे भाग, बनवते. मोरोक्कोत एक लहान उत्पादन केंद्र उभारण्याचा विचार सुरू आहे. तेथे २००८ च्या हरित मोरोक्को योजनेपासून ठिबकसाठी ८० ते १०० टक्के अनुदान मिळत आले आहे आणि टँजर-मेड बंदरातून युरोप अगदी हाकेच्या अंतरावर आहे. मात्र वर्षामागून वर्षे पडलेल्या दुष्काळाच्या बातम्या वाचून मन साशंक होते. शेतीवरच भर द्यावा, की दुसरे एखादे क्षेत्र पाहावे?

उत्तर १

दुष्काळ आहे म्हणजे ठिबकची मागणी वाढणारच, असे सरळ गणित कृपया मांडू नका. ठिबकमुळे वाचलेले पाणी जमिनीत राहिले नाही. त्याच पाण्यावर शेतकऱ्यांनी जास्त क्षेत्र बागायतीखाली आणले, पाणी पिणारी निर्यातक्षम पिके वाढवली आणि विहिरी आणखी खोल गेल्या. म्हणूनच २०२२ मध्ये सरकारने कलिंगड, ॲव्होकॅडो आणि संत्रावर्गीय फळांच्या नव्या बागांसाठीचे सिंचन अनुदान बंद केले. केवळ अनुदानाच्या भरवशावर धंदा उभा केला, तर अशा एका निर्णयाने ग्राहक निम्मे होऊ शकतात.

माझ्या मते खरी संधी अगादीरजवळच्या श्तूका भागात आहे. तेथे २०२२ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प चालू असून त्याची क्षमता दिवसाला २,७५,००० घनमीटर आहे. त्यातले जवळपास निम्मे पाणी शेतीसाठी राखलेले आहे. विहिरीचे पाणी उपसणारा शेतकरी स्वस्त नळी शोधतो, पण घनमीटरमागे पैसे मोजणारा हरितगृहाचा मालक शेवटच्या रोपापर्यंत सारखा दाब आणि सारखे थेंब मागतो. दाब-नियंत्रित ड्रिपर तुम्ही बनवत असाल, तर तुमचा ग्राहक हाच.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, फक्त फॉस्फेटकडेही लक्ष द्यावे असे वाटते. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्कोकडे असल्याचे मानले जाते. खूरिब्गाच्या खाणीतला खडक दळून, पाण्यात कालवून, १८७ किलोमीटरच्या नळवाहिनीतून जोर्फ लास्फरच्या खत कारखान्यांपर्यंत नेला जातो. २०१४ पर्यंत हे काम रेल्वेच करत असे. असा खरखरीत गाळ अखंड वाहत असताना नळ्या आणि झडपा किती झिजत असतील, याची कल्पना तुम्हाला असेलच. खाणकाम सरकारी मालकीच्या कंपनीच्या हाती आहे, तेव्हा लहान उद्योगाला वाव आहे तो अशा सुट्या भागांत आणि देखभालीत. मोटार उद्योग मोठा आहे, पण टँजरमध्ये २०१२ पासून जम बसलेल्या पुरवठादारांत नवख्याला शिरणे कठीण.

उत्तर ३

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. मोरोक्कोचे चलन दिरहम पूर्ण परिवर्तनीय नाही, म्हणजे ते परकीय चलनात मुक्तपणे बदलता येत नाही. परकीय चलनात आणलेले भांडवल आणि त्यावरील नफा परत नेता येतो, परंतु ते भांडवल बाहेरून आले हे सिद्ध करणारी बँकेची कागदपत्रे पहिल्या हप्त्यापासून जपून ठेवावी लागतात. हा कागद मागाहून मिळवणे फार जिकिरीचे असते, हे मी एका ओळखीच्या उद्योजकाच्या बाबतीत जवळून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट जागेची. दाखला या शहराच्या परिसरात हरितगृहे वेगाने वाढत असली तरी तो वादग्रस्त पश्चिम सहाराचा भाग आहे. तेथील मालाला लागू होणारे युरोपशी झालेले व्यापारविषयक करार युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अवैध ठरवले. तुमचे ग्राहक युरोपला माल पाठवणारे असतील, तर त्यांच्यावरचे संकट तुमच्या विक्रीपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. अनुदानाचा आकडाच आम्ही पाया धरून बसलो होतो, तो आता बाजूला ठेवतो. कारखान्याआधी श्तूकामध्ये एका हंगामासाठी दाब-नियंत्रित ड्रिपरची प्रात्यक्षिके लावायची असे ठरवले आहे. तेथील टोमॅटो उत्पादकांच्या सहकारी संस्थांशी कोणी व्यवहार केला असल्यास कृपया कळवावे. पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये करण्याची तयारी आहे.