मदत हवी आहे: मॉर्मन लोकांचे 'तीन नेफाईट'

मंडळी, चिरंजीवांवर लेख लिहितेय आणि मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) लोकांच्या तीन नेफाईटांपाशी अडकलेय. नेफाईट म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातले प्राचीन अमेरिकेतले लोक. १८३० साली छापलेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या त्या ग्रंथानुसार पुनरुत्थानानंतर येशू अमेरिकेत प्रकटला आणि त्याने बारा शिष्य निवडले. प्रत्येकाला 'काय हवं ते माग' म्हणाला. नऊ जणांना ७२ वर्षांचं आयुष्य मिळालं. उरलेल्या तिघांना मागायचं धाडसच होईना. पण येशूने मनातलं ओळखलं. तो परत येईपर्यंत त्यांना मरण नाही. नावं मात्र गुप्त.

खरी गंमत युटा या मॉर्मनबहुल अमेरिकी राज्यातल्या लोककथांत आहे. पांढऱ्या दाढीचा म्हातारा (म्हणजे तिघांतलाच एक) दारात येऊन खायला मागतो, घराला बरकतीचा आशीर्वाद देतो. बाई लगेच बाहेर डोकावते, तर बर्फावर एक पाऊल उमटलेलं नाही! मोटारी आल्यावर तोच म्हातारा लिफ्ट मागू लागला. 'धान्य साठवा' म्हणतो आणि मागच्या सीटवरून गायब. मला नर्मदाकाठी तेल मागणारा अश्वत्थामाच आठवला. फक्त तो शापित, हे वर मिळालेले.

युटात राहणारं कुणी आहे का इथे? मॉर्मन शेजाऱ्यांकडून असं काही ऐकलंय? आणि शेवटी येशू परत आल्यावर त्यांचंही क्षणात मर्त्यातून अमर रूपात रूपांतर होणार असेल, तर 'चिरंजीव' शब्द चालेल का?